वाळूतला व्हॉलीबॉल

व्हॉलीबॉल हा खेळ आपल्या खेड्यापाड्यांना नवा नाही. गावाबाहेर माळावर दोन वासे रोवायचे, त्यांना जाळे बांधायचे, आणि दिवस कलला की दहाबारा जणांनी जमायचे, हे दृश्य कोकणात दिसते तसे खानदेशातही दिसते. एक उंच गडी जाळ्यापाशी उभा असतो. तो स्मॅश मारणार. दुसरा त्याला चेंडू उचलून देतो. त्याला आपण लिफ्टर म्हणतो. आणि बाकीचे चौघे? खरे सांगायचे तर ते बहुधा उभेच असतात. चेंडू अंगावर आला तर परतवायचा, नाही आला तर ओरडायचे. वर्षानुवर्षे खेळूनही त्यांच्यातल्या कित्येकांना ना चेंडू नीट उचलता येतो, ना मारता येतो.

आज ज्या खेळाविषयी बोलायचे आहे त्यात असे उभे राहायची सोयच नाही. हा खेळ म्हणजे बीच व्हॉलीबॉल, आपल्या भाषेत वाळूतला व्हॉलीबॉल. जाळ्याच्या प्रत्येक बाजूला फक्त दोन खेळाडू. राखीव गडी नाही. एकाचा पाय मुरगळला आणि त्याला पुढे खेळता येईना, तर सामना गेला.

व्हॉलीबॉलचा जन्म १८९५ सालचा. अमेरिकेतल्या होल्योक गावी विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायामशिक्षकाने, वयस्क माणसांना फार दमछाक न होता खेळता यावे म्हणून तो काढला. पुढे तो वाळूवर गेला, आणि कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर १९३० च्या सुमारास दोघा-दोघांचा झाला. ऑलिंपिकमध्ये १९९६ साली अटलांटा येथे या खेळाला प्रथम पदके मिळाली. त्या वर्षी पुरुषांत जिंकलेला कार्च किराय हा गृहस्थ मोठा नामांकित. त्याने त्याआधी १९८४ आणि १९८८ साली सहा जणांच्या व्हॉलीबॉलचेही सुवर्णपदक मिळवले होते. आपल्याकडे २०२५ च्या मे महिन्यात दीव येथे घोघल्याच्या किनाऱ्यावर खेलो इंडियाचे सागरकिनाऱ्यावरील खेळ झाले, त्यांत हाही खेळ होता.

आता तुम्ही म्हणाल, हा समुद्रकाठच्या लोकांचा खेळ. आम्हां घाटावरच्यांना त्याचे काय? तर ऐका. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, जे २०२१ साली झाले, पुरुषांचे सुवर्णपदक नॉर्वेच्या जोडीने नेले. २०२४ साली पॅरिसला ते स्वीडनच्या जोडीने नेले. या दोन्ही देशांत वर्षातले कितीतरी महिने बर्फ आणि थंडी. तेव्हा किनारा हवा हे खरे नाही. वाळू मात्र हवी.

ती किती हवी याचा हिशेब आधी करू, म्हणजे उगाच कोणी खर्चात पडणार नाही. मैदान १६ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. भोवती निदान ३ मीटर मोकळी जागा. म्हणजे २२ बाय १४ मीटर. वाळू निदान ४० सेंटिमीटर खोल असावी असा नियम आहे. गुणाकार केला तर सुमारे १२३ घनमीटर वाळू होते, म्हणजे आपल्या मापाने त्रेचाळीस-चव्वेचाळीस ब्रास! एवढ्या वाळूत शाळेची खोली बांधून होईल. माझे स्पष्ट मत असे, की लहान गावाच्या शाळेने या फंदात पडू नये. वाळू मैदानात आणण्यापेक्षा मुलांनी वाळूकडे जावे. उन्हाळ्यात नदीचे पात्र उघडे पडते, तिथे मऊ वाळूचा पट्टा सापडला तर दोन वासे आणि एक जाळे पुरे. मात्र वाळू उपसल्याचे खड्डे आसपास असतील तर ती जागा सोडून द्या. वर धरण असेल तर पाणी केव्हा सुटणार याची चौकशी केल्याशिवाय मुलांना पात्रात उतरवू नका. ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही.

आणखी एक सोय बहुतेक शाळांतून आहे, पण तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे लांब उडीचा हौद. त्यात पूर्ण खेळ होणार नाही, पण वाळूत पळणे, वाकणे, झेप घेणे हे सारे तिथे शिकवता येते. नांगरलेल्या रानात खेळवू नये. लांबून ते मऊ दिसते, पण ढेकळे गुडघे फोडतात.

किनाऱ्यावरच्या शिक्षकांना वाळूची ददात नाही, पण त्यांना समुद्राचे वेळापत्रक पाळावे लागते. कोळी आणि खारवी मंडळींचा जुना हिशेब आहे : तिथीच्या आकड्याला तिनाने गुणावे, चाराने भागावे, जे येईल तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. थोडे मागेपुढे होते, पण अंदाजाला पुरते. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे भरती दुपारी अकरा-बाराला, आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला ओहोटी. किनारा त्या वेळी चांगला रुंद मिळतो. अष्टमीला संध्याकाळी पाणी भरलेले असते खरे, पण ती भांगाची भरती, उधाणाची नव्हे. ती फार वर चढत नाही. मैदान भरतीच्या रेषेच्या वरच्या अंगाला, कोरड्या भुसभुशीत वाळूत आखावे. ओली वाळू टणक असते, तिच्यावर पळायला सोपे जाते म्हणून मुले तिकडे ओढ घेतात. पण मग वाळूत खेळण्याचा उपयोग तो काय राहिला! रापण ओढतात ती जागा टाळावी, तिथे गळ आणि माशांचे काटे असतात. वेळास-आंजर्ल्यासारख्या गावी कासवे अंडी घालतात, तिथे त्या दिवसांत वनखात्याच्या माणसांना विचारूनच जागा निवडावी. आणि कुठेही खेळा, खेळापूर्वी सगळ्या मुलांची एक रांग करून वाळू हाताने चाळून काच-खिळे वेचून काढा.

मैदानाच्या रेषा फक्कीने वाळूवर टिकत नाहीत. त्यासाठी खाटेची नवार उत्तम. चारही कोपऱ्यांना नारळाच्या करवंटीला सुतळी बांधून ती हातभर खोल पुरावी आणि सुतळीचे टोक नवारीला बांधावे. लोखंडी खुंट्या मुळीच नकोत. मध्यरेषा या खेळात नसतेच. वाशांना गोणपाट गुंडाळा. जाळ्याची उंची पुरुषांना २.४३ मीटर आणि स्त्रियांना २.२४ मीटर असते. पण मुलांना ती नको. बारा वर्षांपर्यंत २ मीटर, चौदापर्यंत २.१२ आणि सोळापर्यंत २.२४ मीटर. मुलगे-मुली दोघांनाही तीच. जाळे उंच बांधले म्हणजे मुले लवकर तयार होतात अशी आपल्याकडे एक समजूत आहे. तसे होत नाही. मुले चेंडू ढकलायला शिकतात, मारायला शिकत नाहीत.

चेंडू नेहमीच्या व्हॉलीबॉलपेक्षा थोडा मोठा आणि पुष्कळ मऊ असतो, हवा कमी भरलेली. नवा घेणे जमत नसेल तर जुन्यातली थोडी हवा सोडून सरावाचे काम भागते.

नियम थोडक्यात सांगतो. प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त तीन स्पर्श, आणि जाळ्यावर अडवताना चेंडूला हात लागला तर तोही एक स्पर्श धरतात. सहा जणांच्या खेळात तो धरत नाहीत. इथे माळावरचे खेळाडू हटकून चुकतात. बोटांच्या टोकांनी चेंडू अलगद पलीकडे सोडायचा, ही माळावरची आवडती युक्ती इथे चालत नाही. सोडायचा तर बोटे दुमडून, पेरांनी ढकलावा. डाव २१ गुणांचा, दोन गुणांच्या फरकाने जिंकायचा. तीनपैकी दोन डाव. तिसरा लागला तर १५ चा. दर सात गुणांनी बाजू बदलायच्या, तिसऱ्या डावात दर पाच गुणांनी. हे बाजू बदलणे कशासाठी? वारा आणि ऊन दोघांच्या वाट्याला सारखे यावे म्हणून.

आता शिकवायचे कसे, ते पाहू. पहिले दोन-तीन दिवस चेंडू पेटीतच ठेवा. अनवाणी मुलांना वाळूत चालू द्या, पळू द्या, मागे सरकू द्या. जमिनीवर आपण टाच टेकून, लांब ढांग टाकून पळतो. वाळूत लांब ढांग टाकली की पाय रुततो आणि अंग मागे राहते. पावले आखूड आणि झपझप हवीत, गुडघे किंचित वाकलेले, अंग पुढे. एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत आठ मीटर, चार खेपा, मग विश्रांती. असे पाच वेळा केले तरी नव्या मुलाच्या पोटऱ्या बोलू लागतात. याहून जास्त पहिल्या आठवड्यात नको. उडीचेही तसेच. जमिनीवर पळत येऊन पुढे झेपावतात. वाळू पायाखालून सरकते म्हणून इथे सरळ वर उडावे लागते, आणि दोन्ही हात खालून वर जोराने न्यावे लागतात. हातांनी निम्मी उडी होते असे म्हटले तरी चालेल.

मग चेंडू घेणे. शिकाऊ मुलांनी सर्व्हिस बोटांवर घेऊ नये. दोन्ही हात जोडून, कोपरे ताठ, मनगटाच्या वरच्या सपाट भागावर घ्यावी. आपल्याकडे शूटिंगबॉल खेळलेल्या मुलांना हात जोडण्याची सवय असते, पण ती फटका मारायची. इथे फटका नको, हात फक्त समोर धरायचे; चेंडूला आपला वेग असतोच. आणि चेंडू नेमका कुठे पाठवायचा? जाळ्याला लागून नव्हे. जाळ्यापासून दीड-दोन मीटर अलीकडे, मैदानाच्या मधोमध. म्हणजे जोडीदाराला धावत येऊन त्याच्या खाली पोचता येते. वारा नसेल तर चेंडू चांगला उंच जाऊ द्या. वारा असेल तर खाली ठेवा, नाहीतर वारा तो घेऊन शेजारच्या नारळबागेत जाईल.

याचा सराव असा. एकाने जाळ्यापलीकडून हाताने चेंडू टाकायचा, दुसऱ्याने मनगटावर घेऊन मध्ये पाठवायचा, तिसऱ्याने धावत येऊन तो डोक्यावर चक्क झेलायचा. मारायचा नाही, झेलायचा. झेलणाऱ्याला अंग वेडेवाकडे न करता झेलता आला तर घेणाऱ्याला एक गुण. दहांपैकी सात येईपर्यंत पुढचा धडा नाही. मुलांना हे कंटाळवाणे वाटते आणि ती मारायला उतावीळ होतात. पण पहिला स्पर्श बिघडला की उरलेल्या दोन स्पर्शांत तो सावरता सावरता जीव जातो, म्हणून इथे घाई करू नये.

दुसरा स्पर्श, म्हणजे चेंडू उचलून देणे. बोटांवर उचलताना चेंडू किंचित जरी दोनदा लागला तरी पंच या खेळात बारकाईने पाहतात. म्हणून शाळेतल्या मुलांनी सुरुवातीला हाही मनगटांवरूनच द्यावा. तसे देण्यात काही कमीपणा नाही, मोठे खेळाडूही जोराच्या वाऱ्यात तेच करतात. बोटांचा सराव वेगळा, रोज थोडा थोडा, भिंतीपाशी केला तरी चालतो.

मारण्याबद्दल मी मुद्दाम थोडे बोलतो, कारण ते शिकवायला कोणाला सांगावे लागत नाही. एवढेच, की दोघांच्या खेळात ताकदीपेक्षा रिकामी जागा मोठी. हिशेब करून पाहा. सहा जणांच्या खेळात एकेकाच्या वाट्याला साडेतेरा चौरस मीटर जागा येते, इथे बत्तीस! ती राखता राखता समोरच्याची धांदल उडते. म्हणून मारणारा हवेत असताना त्याच्या जोडीदाराने समोर पाहून ओरडायचे : ‘सरळ!’, ‘तिरका!’, किंवा ‘मोकळं!’ शब्द तुमच्या गावचे ठेवा, पण आधी ठरवून ठेवा. सर्व्हिसच्या वेळी जाळ्यापाशी उभा असलेला गडी पाठीमागे बोटांनी खूण करतो, तीही शिकवा : एक बोट म्हणजे सरळ रेषेतला चेंडू मी अडवीन, दोन बोटे म्हणजे तिरका अडवीन. डाव्या हाताची खूण समोरच्या डावीकडच्या गड्यासाठी, उजव्या हाताची उजवीकडच्यासाठी. मुलांना या गुप्त खुणांची फार मौज वाटते.

सर्व्हिसच्या सरावाला समोरच्या अंगणात चार ठिकाणी गोणपाट पसरावे : दोन जाळ्याजवळ, दोन मागच्या कोपऱ्यांत. प्रत्येकाने दहा मारायच्या, मग बाजू बदलून पुन्हा दहा. वारा तोंडावर असताना चेंडू अचानक खाली बसतो, तेव्हा जोर लावायला भ्यायचे कारण नाही. वारा पाठीवर असला की चेंडू पुढे वाहून जातो, तेव्हा हात आखडता घ्यावा. मारण्यापूर्वी चेंडू हातभरच वर उडवावा. उंच उडवला की वारा तो हलवतो.

आता जी गोष्ट मला शिक्षक बंधुभगिनींना विशेष सांगायची आहे ती. सातवी-आठवी मिळून पाच मुली असलेल्या शाळा आपल्याकडे कितीतरी आहेत. सहा जणींचा संघ होत नाही, म्हणून मुलींचा व्हॉलीबॉल होत नाही. त्या मैदानाच्या कडेला बसून मुलांचे गुण मांडतात आणि पाण्याचा हंडा भरून आणतात. दोघींच्या खेळाला चार मुली पुरतात; पाचवी पंच. बहाणा उरत नाही. पालक पोशाखाचे विचारतात. त्यांना सांगा, अंगभर सदरा आणि पायघोळ विजार घालून हा खेळ उत्तम खेळता येतो. मोठ्या स्पर्धांतूनही काही देशांच्या मुली पूर्ण अंग झाकून खेळलेल्या आहेत.

पण या दोघींच्या खेळात एक अवघड जागा आहे. समोरची जोडी हुशार असली की ती दोघींतली कच्ची कोण हे पाच मिनिटांत ओळखते, आणि मग प्रत्येक सर्व्हिस तिच्यावरच. हे नियमाला धरून आहे. मोठे खेळाडूही असेच खेळतात. सहा जणांत कच्चा गडी लपवता येतो, बदलताही येतो, इथे नाही. दहा वेळा चेंडू तिच्यावरच येतो, सहा वेळा चुकतो, आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. त्या क्षणी जोडीदारीण काय करते? बहुतेक वेळा ती कमरेवर हात ठेवून आकाशाकडे पाहते. सामना तिथेच संपतो, गुण काही का असेनात.

त्याला उपाय म्हणून हा सराव करा. दहा सर्व्हिस मुद्दाम एकीवरच करायच्या, आणि गुण मांडायचे ते दुसरीच्या नावावर. दुसरीने काय करायचे? मैदानाचा मधला भाग आपल्याकडे ओढून घेऊन पहिलीची जागा लहान करायची. वाईट आलेला चेंडूही पळत जाऊन गाठायचा. तो सोपा, उंच, जाळ्यापासून थोडा अलीकडे उचलून द्यायचा, म्हणजे पहिलीला दम घेऊन मारता येईल. आणि दर चेंडूनंतर तिच्याजवळ जाऊन एक शब्द बोलायचा. ‘सोड गं, पुढचा’ एवढे पुरते. मग भूमिका उलट करा. चुकलेल्या मुलीला काय वाटते ते बरोबरच्या मुलीला एरवी कळत नाही, ते इथे कळते. एकच जोडी कायम ठेवू नका. चार जणींत तीन छोटे डाव खेळवले तर प्रत्येकीला प्रत्येकीबरोबर खेळायला मिळते; गुण एकेकीचे वेगळे मांडायचे. खरी चांगली खेळाडू कोण ते यात दिसते. जिच्याबरोबर कोणीही जिंकते ती.

वर्गात वीस-पंचवीस मुले आणि चेंडू एकच, अशी स्थिती असेल तर ‘राजाचे अंगण’ खेळवा. सगळ्यांच्या जोड्या करा. जाळ्याची एक बाजू राजाची. तिथे एक जोडी उभी राहील, बाकीच्या जोड्या समोरच्या रेषेमागे रांगेत. रांगेतली पहिली जोडी सर्व्हिस करते. राजा जिंकला तर त्याला एक गुण, आव्हान देणारी जोडी रांगेच्या शेवटी. आव्हान देणारी जिंकली तर तिला गुण नाही, पण ती पळत जाळ्याखालून जाऊन राजाच्या जागी बसते. तेवढ्यात पुढची जोडी सर्व्हिसला तयार. दहा मिनिटांनी ज्याचे गुण जास्त तो राजा. कोणाला दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबावे लागत नाही, आणि भांडायला वेळ मिळत नाही. हे दुसरे कारणही शिक्षकाच्या दृष्टीने लहान नाही!

वेळ सकाळी नऊच्या आत, किंवा साडेचार-पाचनंतर. दुपारची वाळू तळपाय भाजते, फोड आले की आठ दिवस खेळ बंद. डोक्याला टोपी, आणि मैदानाच्या कडेला सावलीत पाण्याची कळशी. त्यात चिमूटभर मीठ, साखर आणि लिंबू असले तर उत्तम. पाऊण तास खरा सराव पुष्कळ झाला.

उठताना जाळे सोडून गोड्या पाण्यातून काढावे आणि सावलीत वाळत घालावे. खाऱ्या पाण्याने दोरी लवकर कुजते. वासे उपटले की ते खड्डे आणि झेपा घेऊन पडलेले खळगे मुलांकडून लगेच बुजवून घ्यावेत, कारण पहाटे अंधारात त्याच वाटेने मासेमारीची माणसे डोक्यावर पाट्या घेऊन जात असतात.